एकोणतीस इंचांची ओळ

तक्ता माझ्याकडे होता.
नियोजन विभाग, तोत्तोरी, दुसरा मजला,
दोन हजार तीनचा नोव्हेंबर.
आडवी वर्षं, उभे इंच.
उजवीकडे सपाट पडद्यांचे रकाने,
आखलेले, पण अजून रिकामे.

कादोवाकी साहेब बोट ठेवत, मी ओळ करडी करी.
करडी म्हणजे बंद.
करडी म्हणजे साचे भंगारात,
सुटे भाग आठ वर्षं सांभाळायचे,
मग तेही नाही.

चौदा इंच करडा झाला, कुणी मान वर केली नाही.
एकवीसला कुणीतरी चहा मागितला.
पंचविसाला विक्रीवाल्यांनी टाळी वाजवली,
ओसाकाहून आलेले, सहाची गाडी गाठायची होती त्यांना.

एकोणतीसवर उमेबायाशी उठले.
जुळणीच्या पट्ट्यावरचे फोरमन, बैठकीत कधी न बोलणारे.
म्हणाले, नळी आहे तीच राहू दे,
पोटात तेवढा डिजिटल ट्यूनर घालू.
माणूस जमिनीवरून थेट माडीवर उडी मारत नाही,
मधे पायरी लागते.

पायरीवर कुणी संसार थाटतं का,
विक्रीवाल्यांपैकी एकानं विचारलं.
सगळे हसले. उमेबायाशीसुद्धा हसले, उशिरा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
तक्ता म्हणजे जणू मीच.
मी ओळ करडी केली नाही.
शेवटच्या रकान्यात लिहिलं : मर्यादित.
कंपनीच्या धोरणात माझा वाटा
एवढाच. एक शब्द, तोही दुसऱ्याच्या भीतीपोटी.

तीन हजार एकशे चाळीस नग निघाले.
वजन सत्तेचाळीस किलो :
उचलायला दोन माणसं आणि एक शिवी.
नवं चित्र रुंद, जुना पडदा चौकोनी,
म्हणून वरखाली काळ्या पट्ट्या,
दार किलकिलं करून बघावं तसं.
नफ्याच्या जागी मी उण्याचं चिन्ह टाकलं
आणि अक्षर बारीक केलं.

दोन हजार सहामध्ये पट्टा थांबला.
उमेबायाशी नासपतीच्या बागेत गेले.
इथल्या नासपतीचं नाव 'विसावं शतक'.
यावर कुणी विनोद केला नाही,
तो इथे केव्हाच शिळा झालाय.
मग सपाट रकानेही करडे होत गेले, डावीकडून,
एकेक, आणि त्यांच्यासाठी कुणी उठलं नाही.
शेवटी तक्त्याला माणूस लागेना.

जुलै दोन हजार अकरा. नगरपालिकेच्या
मदत-फोनवर मी, रोजंदारीवर.
चोवीस तारखेला दुपारी बारा वाजता
जुनं प्रक्षेपण संपलं.
फोन वाजत राहिले. निळं झालं.
सुमोचा डाव अर्ध्यावर निळा झाला.
आजोबांना वाटतंय, त्यांनीच काही दाबलं.
रात्री बारानंतर निळंही जाईल,
मी सांगत होते, मग नुसतं वाळूचं वादळ.
पडद्यावरच्या खरखरीला आम्ही तसंच म्हणतो,
खरी वाळू गावाबाहेर मैलभर पसरलेली असताना.

तीनच्या सुमाराला कुरायोशीहून फोन.
योनेहारा, केशकर्तनालय.
माझा बंद नाही झाला, ते म्हणाले.
आवाजात अपराध्यासारखं काहीतरी.
माझं काही चुकलं का?

मागची पाटी वाचून दाखवा, मी म्हटलं.
कात्री ठेवल्याचा आवाज, मग धाप,
मग एकेक आकडा. शेवटचे दोन त्यांनी सांगायच्या आधीच
मी कागदावर लिहिले होते.

चित्र कसं आहे?
वरखाली काळं आहे हो. पण गिऱ्हाईक
डोळे मिटूनच बसतं. आवाज झाला की झालं.

सुटे भाग दोन हजार चौदापर्यंत मिळतील,
मी म्हटलं. हे कुणी विचारलं नव्हतं.
बरं, बरं, ते म्हणाले,
मी तोवर टिकतो का बघू.
आणि फोन न ठेवताच
कुणाला तरी विचारू लागले,
मागून किती कमी करू?